साधन आणि साधना

(हिंगोली येथे युवक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा मराठी घरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. झाडावर ठेवलेला पक्षी, एकेका शिष्याला विचारलेला प्रश्न आणि आपल्याला केवळ पक्ष्याचा डोळा दिसतो, हे अर्जुनाचे उत्तर. एकाग्रतेचे माहात्म्य सांगण्यासाठी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आणि ते योग्यच झाले. मात्र त्या कथेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अर्जुनाच्या हातातील धनुष्य त्याच्या बाहूंना जुळणारे होते, प्रत्यंचेचा ताण त्याच्या बळाला पेलणारा होता, बाण सरळ आणि समतोल होता. तसे नसते, तर डोळा दिसूनही बाण फांदीवर आदळला असता. एकाग्रता मनात असून भागत नाही. ती हातातील साधनात उतरावी लागते. साधन देहाशी एकरूप करण्याची ही जी खटपट, ती साधनेचाच पहिला अध्याय होय. आजचा विषय हाच आहे.

विषयाला निमित्तही तसेच आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथील नेमबाजी केंद्रात पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल, तीन स्थिती या प्रकाराची अंतिम फेरी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी गावचा स्वप्नील कुसाळे त्या फेरीत तिसरा आला. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास तब्बल ७२ वर्षे लागली. खाशाबांचे साधन म्हणजे त्यांचा देह. स्वप्नीलचे साधन देह आणि यंत्र असे दुहेरी होते आणि त्या दोहोंमधील सांधा कोठेही सैल राहून चालणार नव्हते.

दहा मिलिमीटरचे जग

या खेळातील रायफल .२२ बोअरची असते. तिचे काडतूस ‘रिमफायर’ जातीचे. म्हणजे पेट घेणारा स्फोटक थर काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी नसून त्याच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो आणि रायफलची टोचणी त्या कडेवर आघात करते. १८८७ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झालेले हे काडतूस आजही जगभरच्या स्पर्धांत वापरले जाते. शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. स्पर्धेच्या काडतुसाचा वेग मुद्दामच ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर इतका ठेवलेला असतो. कारण ध्वनीची मर्यादा ओलांडून पुन्हा तिच्याखाली येताना गोळी डळमळते. येथे वेगाचा मोह नाही. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच जावी, एवढीच अपेक्षा आहे.

लक्ष्य ५० मीटरवर असते. त्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. दुर्बीण लावता येत नाही. मागे बारीक छिद्राची साइट, पुढे नळीच्या टोकाशी एक कडी आणि त्या कडीत दिसणारे काळे लक्ष्य, अशी वर्तुळात वर्तुळे बसवायची. या दोन साइटमधील अंतर सुमारे ८० सेंटिमीटर धरले, तर तेथे झालेली ०.१ मिलिमीटरची चूक ५० मीटरवर ६ मिलिमीटरहून अधिक होते. कागदाच्या जाडीएवढा ढळ हातून झाला, की दहा गुण हातचे जाण्याची वेळ येते.

दुसरा हिशेबही तितकाच उद्बोधक आहे. लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास गोळीला सेकंदाच्या सहाव्या भागाइतका अवधी लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती १२-१३ सेंटिमीटर खाली येते. हे पडणे भरून काढण्यासाठी साइट अशी लावलेली असते, की नळीचे तोंड किंचित वर राहावे. आता रायफल एका अंगाला कलली, तर ते ‘वर’ थोडे ‘बाजूला’ होते. घड्याळाचा काटा एका मिनिटात जेवढा सरकतो तेवढीच, म्हणजे ६ अंश, रायफल कलली, तर गोळी सुमारे १३ मिलिमीटर बाजूला जाते आणि दहाचे नऊ होतात. म्हणून अनुभवी नेमबाज रायफल सरळ धरतो की थोडी कलती, याला फारसे महत्त्व नसते. प्रत्येक वेळी ती तशीच धरतो का, हा खरा प्रश्न असतो.

माप देहाचे घ्यावे

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव संत नामदेवांच्या नावाने ओळखले जाते. नामदेवांचे घराणे शिंप्याचे. शिंपी आधी अंगाचे माप घेतो आणि मग कापडाला कात्री लावतो; कापड आधी बेतून मग माणसाला त्यात बसवू पाहत नाही. रायफल जुळवण्याचे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे. नवशिक्याची नेमकी येथेच गफलत होते. रायफल हातात येते, तो तिच्यामागे डोळा नेतो, मान वाकवतो, खांदा उचलतो, कमर पिळतो आणि कसेबसे साइटमधून पाहतो. दहा गोळ्यांपर्यंत ते निभावते. साठाव्या गोळीपर्यंत स्नायू थकतात आणि थकलेला स्नायू थरथरतो.

म्हणून क्रम उलटा असतो. प्रथम रायफल बाजूला ठेवून नुसती देहस्थिती बांधायची. वजन हाडांवर यावे, स्नायूंवर नव्हे, हे त्यातले सूत्र. भिंत उभी राहते ती विटेवर वीट नीट बसल्यामुळे. तिला कोणी ओढून धरलेले नसते. देहही तसाच रचायचा. मान सरळ, नजर समोर, श्वास मोकळा. मग त्या स्थितीत रायफल आणायची आणि जेथे ती देहाला भिडत नाही तेथे रायफल बदलायची, देह नव्हे.

आधुनिक स्पर्धेच्या रायफलचा दस्ता यासाठीच अनेक सुट्या भागांचा असतो. खांद्याला टेकणारी बटप्लेट वर-खाली, मागे-पुढे सरकते. तिची लांबी अशी ठरवायची, की चापावरील बोट सहज पोहोचावे आणि मनगटाला पीळ पडू नये. ती फार लांब झाली, तर खांदा मागे ढकलला जातो. फार आखूड झाली, तर डोके पुढे कोसळते. त्यानंतर गालाचा टेकू. डोके त्यावर सैल सोडले, की डोळा आपोआप साइटच्या छिद्रामागे यावा, इतकीच त्याची उंची. येथे एक साधी कसोटी आहे. डोळे मिटून गाल टेकवावा, मान ढिली सोडावी आणि डोळे उघडावेत. छिद्रामागे पूर्ण गोल दिसला, तर टेकू योग्य. अर्धचंद्र दिसला, तर टेकू सरकवावा. साइट सर्वांत शेवटी. साइटने डोळ्याकडे यायचे असते, डोळ्याने साइटकडे जायचे नसते.

तीन स्थिती, तीन समतोल

५० मीटर रायफलच्या या प्रकारात तीन स्थिती असतात: गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभ्याने. प्राथमिक फेरीत प्रत्येकी २० याप्रमाणे ६० गोळ्या झाडाव्या लागतात. रायफल तीच, माणूस तोच. पण समतोल तिन्ही वेळी निराळा. त्यामुळे स्थिती बदलताना नेमबाज बटप्लेट, टेकू, हाताचा अडथळा आणि साइट नव्या खुणेवर आणतो. ठरलेल्या वेळेत हे सर्व न चुकता करणे हाही परीक्षेचाच भाग.

पालथ्या स्थितीत डावा कोपर जमिनीवर रोवलेला असतो आणि दंडाला बांधलेला पट्टा रायफलचा भार पेलतो. येथे पट्टा हाच खरा आधार. हाताने धरून ठेवण्याचे काम उरत नाही. पट्टा फार आवळला, तर दंडातील नाडीचे ठोके थेट रायफलमध्ये उतरतात आणि साइटमध्ये काळे वर्तुळ उड्या मारताना दिसते. गुडघ्याच्या स्थितीत उजव्या घोट्याखाली गोल उशी, टाचेवर बैठक आणि डावा कोपर डाव्या गुडघ्याजवळ. उशीत भरलेले साहित्य मूठभर कमी-अधिक झाले, तरी संपूर्ण देहाचा तोल बदलतो. उभ्या स्थितीत पट्टा वापरता येत नाही. तेथे डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो, पाठ किंचित मागे झुकते आणि रायफलचे वजन पायांच्या मध्ये येते.

रायफलच्या स्वतःच्या तोलाचा प्रश्न येथे येतो. कोठे बोट ठेवले असता रायफल आडवी तोलून राहते, तो तिचा गुरुत्वमध्य. उभ्या स्थितीत तो डाव्या हाताच्या आधाराजवळ असावा लागतो. मध्य फार पुढे असेल, तर नळी जड वाटते आणि कमरेचे स्नायू ताणले जातात. फार मागे असेल, तर नळी हलकी होऊन भिरभिरते. यासाठी पुढे वा मागे छोटी वजने लावतात. त्यांचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. ६ किलोच्या रायफलवरील २०० ग्रॅमचे वजन ३० सेंटिमीटर पुढे सरकवले, तर गुरुत्वमध्य नेमका १ सेंटिमीटर पुढे जातो. हा एक सेंटिमीटर साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण कमरेला तो तासाभरात जाणवतो.

नुसता मध्य जुळून मात्र काम संपत नाही. वजन कोठे ‘पसरले’ आहे, यालाही महत्त्व असते. गावोगावच्या जत्रांत डोंबाऱ्याची मुलगी दोरीवर चालताना हातात लांब काठी आडवी धरते. काठीचे वजन दोन्ही टोकांकडे पसरलेले असल्याने तिचा कल सावकाश बदलतो आणि मुलीला सावरण्यास अवधी मिळतो. रायफलच्या नळीला पुढे जोडलेली पोकळ नळकांडी आणि टोकाकडची वजने अंशतः हेच काम करतात. रायफल हलणारच, जिवंत माणसाच्या हातात ती पूर्ण स्थिर राहत नाही. ती सावकाश, एका लयीत हलावी, म्हणजे ती लय ओळखून चाप ओढता येतो. मात्र याला मर्यादा आहे. पुरुषांच्या ५० मीटर रायफलचे कमाल वजन नियमाने ८ किलो असते. पण ८ किलोची परवानगी आहे म्हणून ८ किलो लावणे शहाणपणाचे नाही. सोळा वर्षांच्या मुलाने जागतिक विजेत्याच्या रायफलवरील वजने पाहून आपल्या रायफलवर ती चढवली, तर त्याला मिळते ती पाठदुखी. समतोल उसना घेता येत नाही.

डोळे मिटून घेतलेला नेम

या सर्व जुळवणीची एक अंतिम कसोटी आहे आणि ती कोणत्याही उपकरणाशिवाय घेता येते. नेमबाज लक्ष्यावर नेम धरतो, डोळे मिटतो, दोन-तीन शांत श्वास घेतो, सारे अंग सैल सोडतो आणि डोळे उघडतो. साइट अजूनही लक्ष्यावर असेल, तर देहाचा नैसर्गिक रोख तेथेच आहे. साइट बाजूला गेली असेल, तर काय करावे? नवशिका हाताने रायफल ओढून लक्ष्यावर आणतो. जाणता नेमबाज रायफलला हात लावत नाही. तो पाय किंवा कोपर किंचित सरकवून संपूर्ण देहच वळवतो. कारण बळाने ओढलेला नेम चाप सुटण्याच्या क्षणी मूळ जागी परततो. गोळी तेव्हा जाते ती देहाला जेथे जायचे आहे तेथे. मनाची इच्छा बाजूलाच राहते.

चापाचे काम यानंतरचे. स्पर्धेच्या रायफलचा चाप १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून हलका असू शकतो. इतक्या हलक्या चापाला ‘ओढण्याचा’ प्रश्नच नसतो. बोटाचा दाब सरळ मागे, हाताच्या इतर भागाला न कळता वाढला पाहिजे. श्वास अर्धा सोडून क्षणभर विराम, त्या विरामात सात-आठ सेकंदांच्या आत गोळी सुटली तर ठीक. नाहीतर रायफल खाली घेऊन पुन्हा आरंभ. रायफल खाली घेण्याचा निर्णय घेता येणे, हे मोठ्या नेमबाजाचे लक्षण मानतात. गोळी सुटल्यावरही क्षणभर तसेच स्थिर राहायचे असते. ती नळीतून बाहेर पडण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात आणि तेवढ्यात झालेली हालचालही गोळीबरोबर जाते.

नळीची आवड आणि वहीची साक्ष

.२२ च्या रायफलचे आणखी एक वैशिष्ट्य सामान्य वाचकाला नवलाचे वाटेल. प्रत्येक नळीला विशिष्ट काडतूस मानवते. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे काडतूस असले, तरी एका दिवशी एका यंत्रावर तयार झालेला घाणा, ज्याला नेमबाज ‘लॉट’ म्हणतात, एका नळीतून गोळ्या एका छिद्रात घालतो आणि दुसरीतून त्या विखुरतो. म्हणून इंग्लंडमधील एली किंवा फिनलंडची लापुआ अशा काडतूस-निर्मात्यांकडे चाचणीची सोय असते. रायफलची नळी पक्की आवळून ५० मीटरवर निरनिराळ्या लॉटच्या गोळ्या झाडतात आणि ज्याचा झुबका सर्वांत लहान पडेल, त्या लॉटची पेटी वर्षभरासाठी घेतात. माणसाला बाजूला ठेवून केलेली ही चाचणी असल्यामुळे दोष नळीचा, काडतुसाचा की माणसाचा, याचा निवाडा होतो.

हा निवाडा होणे फार आवश्यक असते. गुण घसरले, की मन कारण शोधू लागते. आज बटप्लेट सरकवली, उद्या वजन बदलले, परवा काडतूस बदलले, तेरवा प्रशिक्षक बदलला, असे होत जाते. आठवड्याने रायफल इतकी बदललेली असते, की मूळ दोष कोणता होता हेही कळत नाही. याला एकच उपाय आहे आणि तो अतिशय साधा आहे. एका वेळी एकच बदल करायचा, त्या बदलानंतर पुरेशा गोळ्या झाडायच्या आणि सारे वहीत लिहून ठेवायचे. तारीख, स्थिती, बटप्लेटची खूण, वजनांची जागा, पट्ट्याचे छिद्र, वारा, प्रकाश, झोप आणि मनाची अवस्थासुद्धा. वही खोटे बोलत नाही आणि आपल्या आठवणीची खुशामतही करत नाही. ज्या घरात मुलाच्या पदकांची चौकट आहे पण वही नाही, तेथे प्रगती योगायोगावर अवलंबून राहते.

औंढ्याचा आरसा

हिंगोलीकरांना स्थैर्याचे याहून भव्य उदाहरण स्वतःच्याच जिल्ह्यात मिळणार आहे. औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या टोकांना आरसे आणि त्या आरशांमधील अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारो पटींनी लहान असा फरक पडला, तरी तो टिपण्याची क्षमता, अशी तिची रचना आहे.

इतके स्थिर राहण्यासाठी ते आरसे कशात घट्ट आवळून ठेवले असतील, असे वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकेतील लायगो वेधशाळांत ४० किलोचा प्रत्येक आरसा काचेच्या अतिबारीक तंतूंवर, चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेला असतो. जमिनीची थरथर वरच्या टप्प्यांत विरत जाते आणि खालचा आरसा शांत राहतो. जे आवळले जाते त्यात थरथर उतरते. जे तोलून ठेवले जाते ते स्थिर राहते. विश्वाचा वेध घेणारा आरसा आणि शातोरूच्या रेंजवरील रायफल यांचा नियम एकच आहे.

घराच्या उंबरठ्यावर

आता प्रश्न उरतो तो कुटुंबाचा. हिंगोली हे राज्य राखीव पोलीस बलाच्या गटाचे गाव. निजामी काळात येथे फौजेची छावणी होती. रायफल हा शब्द येथे परका नाही. परंतु शिपायाची रायफल आणि नेमबाजाची रायफल यांत मूलभूत फरक आहे. शिपायाची रायफल कोणाच्याही हातात तितकीच चालली पाहिजे. नेमबाजाची रायफल एकाच माणसाची असते. त्यामुळेच ती महाग पडते आणि मध्यमवर्गीय घरात खरी ओढाताण येथे सुरू होते.

स्वप्नीलचे वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. मुलाच्या नेमबाजीसाठी वडिलांनी कर्ज काढले. २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेत त्याची निवड झाली, नाशिक येथे सराव झाला, पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी मिळाली. यशही सरळ रेषेत आले नाही. २०२२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत तो चौथा आला आणि त्याने देशासाठी ऑलिंपिकची जागा मिळवली. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळाले, परंतु वैयक्तिक फेरीत पुन्हा चौथा क्रमांक. पदकाच्या एक पायरी खाली दोनदा थांबलेल्या या तरुणाने पॅरिसच्या प्राथमिक फेरीत ६०० पैकी ५९० गुण घेतले आणि सातव्या स्थानावरून अंतिम फेरी गाठली. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर तो मागे होता. उभ्या स्थितीत, म्हणजे जेथे पट्ट्याचा आधार नसतो तेथे, तो तिसऱ्या स्थानी पोहोचला. ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण. एका गोळीमागे सरासरी दहाहून थोडे अधिक, असा हा हिशेब आहे.

त्याच्याआधी या वाटेवर महाराष्ट्राच्या कन्या चालून गेल्या होत्या. राष्ट्रीय छात्र सेनेत रायफल हाती घेतलेल्या अंजली भागवत सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफलच्या पालथ्या स्थितीत जागतिक विजेतेपद मिळवले. दीपाली देशपांडे अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरल्या आणि पुढे प्रशिक्षिका म्हणून त्यांनी स्वप्नीलला घडवले. ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात असे जाते.

पालकांनी काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. आरंभ .२२ ने करू नये. १० मीटरच्या हवाई रायफलने करावा. स्थिती बांधणे, टेकू जुळवणे, चापाचा दाब, वहीची सवय, हे सारे तिच्यावरही शिकता येते. .२२ ची रायफल कायद्याने अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून ती बाळगता येत नाही आणि सराव अधिकृत रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखालीच होतो. नळी रिकामी आहे असे समजून कधीही तिचे तोंड माणसाकडे करायचे नाही, हा नियम मुलाला नेमाच्या आधी शिकवायचा. मोठा खर्च काडतुसांचा असतो, पण सरावाचा मोठा भाग काडतुसावाचून होतो. गोळी न भरता नेम धरून चाप सोडण्याचा हा कोरडा सराव जगातील सर्वोत्तम नेमबाजही करतात. मात्र रिमफायर रायफलमध्ये टोचणी रिकाम्या नळीच्या कडेवर आपटून तेथे खाच पडू शकते. म्हणून कोरड्या सरावाची योग्य सोय असल्याशिवाय तो करू नये. उभ्या स्थितीत पाठ एका बाजूला झुकते; वाढत्या वयाच्या मुलाने पाठीचे व पोटाचे व्यायाम टाळले, तर पदकाआधी दुखणे घरी येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, महागडी रायफल घेऊन देणे म्हणजे कर्तव्य संपणे नव्हे. जुनी पण मापात बसवलेली रायफल नव्या, बेमाप रायफलपेक्षा नेहमीच अधिक गुण देते.

नवरात्रात खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची व अवजारांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी हिंगोलीचा प्रसिद्ध दसरा भरतो. शेतकरी नांगर पुसतो, सुतार रंधा पुसतो, शिंपी कात्री पुसतो. त्या पूजेचा अर्थ हळद-कुंकवापुरता नाही. ज्याच्या आधारे आपण जगतो ते साधन वर्षातून एकदा तरी नीट निरखून पाहावे, त्याची धार, त्याचा तोल तपासावा, हा त्यामागील संस्कार आहे. नेमबाज ही पूजा रोज करतो.

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते २०२४ च्या क्रीडा पुरस्कारांचे वितरण झाले. त्यात स्वप्नील कुसाळे याला अर्जुन पुरस्कार आणि दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. झाडावरील पक्ष्याची ती जुनी कथा पुन्हा एकदा पूर्ण झाली. फरक इतकाच, की या वेळी धनुष्य कसे जुळवले गेले, त्यासाठी किती वर्षे लागली, कोणी कर्ज काढले आणि कोणी दोनदा चौथे येऊन पुन्हा वही उघडली, हेही आपल्याला ठाऊक आहे. हिंगोलीच्या एखाद्या घरात उद्या एखादा मुलगा वा मुलगी हवाई रायफल हाती घेईल, तेव्हा घरच्यांनी पहिल्या दिवशी गुण विचारू नयेत. डोळे मिटून, अंग सैल सोडून, पुन्हा उघडले तेव्हा नेम कोठे होता, एवढेच विचारावे.